अर्थशिक्षणासाठी युरोप : निवडीचा विवेक



पेण-रोहे लोहमार्गावरील निडीसारख्या लहान स्थानकाच्या परिसरातील पदवीधरालाही आज युरोपातील वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची ओढ वाटते. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. ते १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला व १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल १९२३ मध्ये डी. एस्सी. त्यांनी संपादन केली.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात : अभ्यासाचा प्रश्न आधी निश्चित करावा आणि खर्चाची तरतूद अखेरपर्यंतची असावी. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा, पण शुल्क भारी. जर्मनीत बहुतेक शासकीय विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत; मात्र तेथे सामान्यतः दोन वर्षांचा निर्वाहखर्च सोसावा लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वडिलांची भातशेती गहाण टाकण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा. अर्थशास्त्राचा पहिला धडा तोच होय.