हप्ते बाकी असलेली गाडी घेताना



मी सॉफ्टवेअरवाला. वकील नाही, गाड्यांचा डीलरही नाही. पण ऑफिसात आणि मोहल्ल्यात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आरसी माझ्याकडे पाठवतात, म्हणून आज बोलायला मला उभं केलंय.

आपल्यात बरेच जण व्याज नको म्हणून कर्ज घेत नाहीत. तीन-चार वर्षं पैसे साठवतात आणि रोखीने जुनी गाडी घेतात. चांगलंच आहे. गंमत अशी की तुम्ही कर्ज घेतलं नाही तरी गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असू शकतं, आणि ते गाडीसोबत तुमच्या दारात येतं. बँकेचा हक्क त्या गाडीवर आहे. हप्ते थकले तर बँक गाडी शोधत येणार, मग ती कुणाच्याही अंगणात उभी असो.

आरसीवर फायनान्सरचं नाव असेल तर गाडीवर बोजा आहे. आरटीओबाहेरचे एजंट त्याला 'एचपी' म्हणतात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून तो रकाना आधी बघा. आमच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्डला लॉक आहे, आणि लॉक ज्याने लावलं त्याच्या परवानगीशिवाय बदल होत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 51: फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद होत नाही.

आता सगळ्यात वाईट सौद्याबद्दल. 'चालू हप्त्यावर' गाडी. विकणारा म्हणतो, मला दीड लाख द्या, उरलेले हप्ते तुम्ही भरा, संपले की नाव करून देतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी होते आणि सगळे खुश. त्या कागदात बँक कुठेच नाही. तुम्ही दर महिन्याला त्याला पैसे पाठवता. त्याने ते बँकेत भरले की बहिणीच्या लग्नात घातले, तुम्हाला कळत नाही. सगळे हप्ते प्रामाणिकपणे फिटले तरी बँकेचं नाहरकत पत्र त्याच्याच नावाने निघतं. तोवर तो पुण्याला गेलेला असतो.

आणि आपल्या नावाच्या मुलाने दुसऱ्याच्या नावाची गाडी घेऊन रात्री नाक्यावर उभं राहणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

विकणाऱ्यालाही यात धोका आहे, हे त्याला सांगा, म्हणजे तो सहकार्य करतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी बऱ्याच हातांतून गेली होती, पण आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं. 2009 साली अपघात झाला. सुप्रीम कोर्टाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी सांगितलं, ज्याचं नाव नोंदीत तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

मग घ्यायचीच नाही का? घ्या की. बँकेतून आधी फोरक्लोजरचं पत्र मागवा. त्यात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि आधी कर्ज फेडण्याचे चार्जेस असतात. आकडा दिवसागणिक वाढतो, म्हणून पत्रावरची तारीख बघा. समजा सौदा 4 लाख 20 हजारांचा, बँकेचे बाकी 1 लाख 65 हजार. हे 1 लाख 65 हजार विकणाऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. दोघांनी मिळून शाखेत जायचं आणि थेट कर्जखात्यात भरायचे. त्याआधी करारावर सही, साक्षीदार, आणि फॉर्म 29 व 30 वर त्याच्या सह्या. उरलेल्यातली मोठी रक्कम नाहरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत रोखून ठेवा.

एक प्रश्न मात्र पैसे भरण्याआधी विचाराच: भाऊ, त्याच बँकेत दुसरं कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे का? असेल तर गाडीचं कर्ज फिटूनही बँक नाहरकत पत्र अडवून धरू शकते. मग तुमचे पैसे बँकेत, गाडी त्याच्या नावावर, आणि भांडण त्या दोघांचं. शाखेतून हे लेखी किंवा निदान ईमेलवर घ्या.

'घरचाच माणूस आहे, त्याला कागद कसा मागू' हे मी दर वेळी ऐकतो. कुरआनातली सगळ्यात लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. तेव्हा लाजू नका.

बोजा उतरवणं आणि नाव बदलणं हे दोन्ही अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतात. नाव बदलाचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो. छिंदवाडा किंवा सिवनीची स्वस्त गाडी दिसली तर तिथल्या आरटीओचं फॉर्म 28 वरचं नाहरकत पत्र लागेल आणि इथला रोड टॅक्सही भरावा लागेल; तो धरून हिशेब करा, बहुतेकदा स्वस्ताई तिथेच संपते.

विमा कंपनीला 14 दिवसांत कळवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागतो.

बस, इतकंच. ज्यांच्याकडे आत्ता 'चालू हप्त्यावर'ची गाडी आहे, त्यांनी चहाच्या वेळी आरसी घेऊन माझ्याकडे या. विकणारा अजून फोन उचलतोय तोवर काम होण्यासारखं आहे.