प्रमाणपत्राच्या पुढचा प्रश्न

(वळसंग, जि. सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहरातील गरीब तरुणांच्या व्यवसायशिक्षणाचा विषय मला देण्यात आला आहे. खेड्यात बसून शहरी तरुणांची चर्चा कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु आज सकाळी जे साथी सोलापुराहून अक्कलकोट रस्त्याने आले, त्यांनी हा विषय वाटेतच पाहिला आहे. शहर संपता संपता औद्योगिक वसाहत लागते, मग कुंभारीची कामगार वसाहत आणि त्यानंतर वळसंग. शहराचा कामगार शहराबाहेर राहावयास आला आहे आणि वळसंगचा मुलगा त्याच रस्त्याने शहरात कामाला जातो. दोघांचा प्रश्न आता एकच झाला आहे.

वळसंगमध्ये या विषयावर बोलताना येथील विहिरीला वगळून पुढे जाता येत नाही. गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता म्हणून येथील दलित समाजाने स्वतःच्या कष्टाने विहीर खोदली, आणि 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले व त्या विहिरीचे पाणी प्याले. दार बंद असेल तर माणसे स्वतःची विहीर खोदतात, हे या गावाने दाखविले. आज सरकारी व्यासपीठांवरून बेकार तरुणांना नेमका हाच उपदेश होतो: नोकरी मागू नका, स्वतःचा उद्योग काढा, कर्ज घ्या. ऐकावयास हे स्वाभिमानाचे वाटते. पण विहिरीचे पाणी जमिनीखाली असते आणि पहार ज्याच्या हातात आहे त्याला ते गाठता येते. लेथ, जॅकार्डचा माग, शिलाईच्या यंत्रांची रांग या गोष्टी दुसऱ्याच्या मालकीच्या छपराखाली असतात. तेथे खोदून पोहोचता येत नाही. कोणीतरी दार उघडावे लागते.

आणि दार नेहमी मालकच बंद करतो असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत चांगला पगार मिळे तो विणकाम खात्यात, आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला सवर्ण विणकर तोंड लावावयास तयार नव्हता. ही बंदी मालकांनी घातलेली नव्हती, सोबतच्या कामगारांनी घातलेली होती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या मागण्यांत घ्यावयास लावला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी तो पुन्हा मांडला. रेल्वेतही तोच प्रकार होता: दलित माणूस गँगमन म्हणून चाले, कारखान्यातील कसबी कामावर तो चालत नसे. पुढे 1942 साली व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांबरोबर एक साधी मागणी केली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अनुसूचित जातींच्या मुलांना शिकाऊ कामगार म्हणून घ्यावे, अशी ती मागणी होती. नुसते वर्ग काढून भागणार नाही, प्रत्यक्ष यंत्रापाशी जागा हवी, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आज आपण ज्या कौशल्य विकासाच्या गप्पा ऐकतो त्या सर्व या एका मागणीच्या अलीकडेच थांबलेल्या आहेत.

आता सोलापूरकडे वळू. या शहरात काम शिकविण्याच्या दोन व्यवस्था होत्या. दोन्ही सरकारच्या नव्हत्या.

पहिली गिरणीची. 1870 च्या दशकात सुरू झालेल्या जुन्या मिलपासून नवा मुलगा बदली म्हणून दारात उभा राही, जॉबरच्या मर्जीने आत जाई आणि आत गेल्यावर बघून बघून शिके. या व्यवस्थेत लाचलुचपत होती, नातेसंबंध होते, उपाशी जाणारे दिवस होते; तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दुसरी व्यवस्था घरची. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत आई कांड्या भरी, मुलगा शाळेतून आला की मागापाशी बसे, आणि वयात येईपर्यंत हातात कसब उतरे. जगाला ठाऊक असलेली सोलापुरी चादर अशा घरांतून निघाली. पण घरची शाळा घरच्यांपुरती असते. जातीबाहेरच्या मुलाला तेथे जागा नव्हती. जुनी मिल 1960 च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू 1990 च्या दशकात गेली, आणि घरचे माग कमी झाले तशी घरची शाळाही मिटली.

तिसरीही एक व्यवस्था या शहरात होती, तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. त्यांची हजेरी होई, त्यांना गिरण्यांत कामाला नेत आणि या सर्वाला सुधारणा असे नाव होते. 1952 साली हा कायदा गेला. मी याची आठवण अशासाठी करून देतो की गरिबाच्या मुलाला काम देण्यापूर्वी त्याचे वळण सुधारले पाहिजे, ही समजूत अजून गेलेली नाही. आजच्या प्रशिक्षणवर्गांत यंत्राला हात लावण्यापूर्वी मुलांना कसे बसावे, कसे हसावे, मुलाखतीला कसे जावे हे आठवडेच्या आठवडे शिकवितात. मुलांना चांगले बसता येते. बसावयास जागा नाही, ही अडचण आहे.

कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे देण्यात आली. त्यानंतर रे नगर ही तीस हजार घरांची योजना आली, आणि तिच्यातील पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. पंतप्रधान दोन, पक्ष दोन. पण मागे लढा एकच होता, तो नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या लाल बावट्याच्या संघटनांचा. ते आपल्या पक्षाचे नाहीत आणि त्यांच्याशी आपले मतभेद जुने आहेत. तरीही विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर पक्के घर करून देणे हे काम आपल्या हातून झाले नाही, त्यांच्या हातून झाले, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

या भाषणाच्या तयारीसाठी मी दोन संध्याकाळी त्या भागात हिंडलो. तेंदूची पाने भिजवून, कापून, तंबाखू भरून, सुताने बांधून ज्या बाईने आयुष्य काढले तिला मुलीच्या हातात पानांचे सूप द्यावयाचे नाही. अशाच एका घरातील मुलीने शिवणयंत्राचा तीन महिन्यांचा वर्ग पुरा केला आहे. प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये बंद करून भिंतीवर लावलेले. ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात जाते आणि दिवसभर शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापते. मला म्हणाली, "काका, कागद आहे, पण मशीनवर बसू देत नाहीत." शेजारचा मुलगा आयटीआय झालेला फिटर, तो पार्सले पोचवितो. जाण्यायेण्याचा खर्च वजा केला तर शहरातील शिकाऊ कामगाराचे पैसे त्याला परवडत नाहीत.

मशीनवर का बसू देत नाहीत? मी तशा कारखान्याच्या एका मालकाला हे विचारले. गृहस्थ सरळ होता. त्याने सांगितले की नवा हात यंत्रावर बसला म्हणजे सुई मोडते, बाही उलटी बसते, कापड वाया जाते आणि रांगेतील पुढच्या चौघी खोळंबतात. दोन महिने हे सोसावे तर मुलगी तयार होऊन शेजारच्या कारखान्यात चार पैसे जास्त घेऊन जाते. मित्रहो, या उत्तरात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. शिकताना माल बिघडतो. बिघडल्यावाचून कोणी शिकत नाही. मग तो बिघाड सोसावयाचा कोणी? घरच्या मागावर बाप सोशी. गिरणीत तो बदली कामगाराच्या उपाशी दिवसांतून वसूल होई. आज तो कोणीच सोसावयास तयार नाही, म्हणून शिक्षण यंत्रापासून उचलून वर्गात नेले आहे, जेथे बिघडावयास काहीच नसते.

सरकार पैसा खर्च करीत नाही असे नाही. 2015 पासून केंद्राच्या कौशल्य योजना चालू झाल्या, पण त्यांतील पैसा डोकी मोजून प्रशिक्षण संस्थांना मिळतो. राज्य सरकारने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास 6,000, आयटीआय वा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये दरमहा. मुदत सहा महिन्यांची होती, 2025 साली ती अकरा महिने करण्यात आली. मुले शाळांत, ग्रामपंचायतींत, कचेऱ्यांत बसली, रिकाम्या पदांची कामे त्यांनी केली, आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून रस्त्यावर आली. ज्या कामाला माणूस लागतो ते काम प्रशिक्षण या नावाने करून घेणे याला आपल्या भाषेत वेठबिगारीची धाकटी बहीण म्हणावे लागेल. मानधन मिळते एवढाच फरक.

कायदा मात्र आहे, आणि तो जुना आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकावर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. 2014 च्या दुरुस्तीने ती मोडणाऱ्या मालकाची तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली, दंड तेवढा राहिला. 2019 च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि किमान विद्यावेतन 5,000 ते 9,000 रुपये ठरविले. परंतु हा उमेदवार कामगार नव्हे असे कायदा स्वच्छ सांगतो. त्याला कामगार कायदे लागत नाहीत. शिकल्यावर त्याला कामावर ठेवण्याचेही बंधन नाही. आणि सोलापूरचे बहुतेक यंत्रमाग व शिवणकामाचे कारखाने तीसच्या आतले, म्हणजे बंधनातून आपोआप सुटलेले. याच कायद्यात दोन किंवा अधिक मालकांनी एकत्र येऊन उमेदवार आळीपाळीने शिकवावेत अशी सोय आहे. छोट्या कारखान्यांच्या या शहराला तिच्याइतकी उपयोगी दुसरी तरतूद नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की आपली मागणी बदलली पाहिजे. आणखी वर्ग काढा, आणखी केंद्रे उघडा, असे आपण म्हणत आलो. ती मागणी संस्थाचालकांनाच फळली. आपण म्हणावे की शिकताना होणाऱ्या बिघाडाचा खर्च समाजाने उचलावा. छोट्या कारखानदाराने एक यंत्र शिकाऊ मुलीसाठी राखले तर त्या यंत्राचा वेळ आणि वाया गेलेले कापड यांची भरपाई सरकारने द्यावी. मात्र शिकून झाल्यावर तिला त्याच्याकडे किंवा त्याच्या गटातील कोणाकडे नेमणूक मिळालीच पाहिजे, नाही तर भरपाई परत. विद्यावेतन किमान वेतनाशी जोडलेले असावे आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा असावा. पश्चिम जर्मनीने 1969 साली व्यवसायशिक्षणाचा कायदा केला, तेव्हा काय शिकवावे व परीक्षा कशी घ्यावी हे ठरविण्यात कामगार संघटनांना जागा दिली. आपणही ही जागा मागितली पाहिजे.

येथे थोडे कडू बोलणे भाग आहे. आपल्या संघटनांनी ज्याला काम आहे त्याचा बोनस, त्याची ग्रॅच्युइटी, त्याचा संप हे सर्व निष्ठेने केले. दाराबाहेर उभा असलेला मुलगा आपल्या सभासद-पावतीवर बसत नव्हता म्हणून आपल्या डोळ्यांतही बसला नाही. क्वचित तर उमेदवार घेऊ नका, ते स्वस्तात राबतील व आमच्या जागा जातील, असे आपल्याच माणसांनी व्यवस्थापनाला सांगितलेले मी ऐकले आहे. ही भीती खोटी नव्हती, कारण कायद्यानेच उमेदवाराला स्वस्त केले आहे. पण त्यावर उपाय उमेदवाराला बाहेर ठेवणे हा नव्हता, त्याला महाग करणे हा होता. 1928 साली धोट्याला तोंड लावू न देणारा कामगार आणि हा कामगार यांत मला फार अंतर दिसत नाही, आणि हे बोलताना मी स्वतःला त्यातून वगळीत नाही.

लवकर हाती घेण्यासारखे काम थोडे आहे, पण ते मोजून करावे लागेल. कुंभारीच्या दोन्ही वसाहतींत आणि वळसंगात अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींची घरोघर नोंद करावयाची: काय शिकले, कोठे शिकले, आज काय करतात, जाण्यायेण्याला किती लागते. मुलींची नोंद स्त्री कार्यकर्त्यांनी करावी, नाही तर उत्तरे वडील देतील. दुसरे काम कागदाचे. महानगरपालिका, एस.टी.ची कार्यशाळा, रेल्वे आणि औद्योगिक वसाहतींतील तीसवर माणसे असलेले कारखाने यांनी गेल्या तीन वर्षांत किती उमेदवार घेतले व त्यांतील किती कामावर राहिले, हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारावयाचे. खासगी कारखान्यांची माहिती ते स्वतः देणार नाहीत; ती उमेदवारी योजना राबविणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे मागावी लागेल. उत्तरे आल्यावर आडम मास्तरांच्या संघटनेकडे आपण जावे, त्यांच्या येण्याची वाट पाहू नये.

अर्जाचे नमुने बाहेर टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक शाखेने जाताना एक संच न्यावा आणि नोंदवहीत सही करावी.