सिंकखालचं कपाट

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात, गणेशोत्सवाआधीच्या रविवारी एका सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला आज आरोग्यावर बोलायला सांगितलंय. तुम्हाला वाटलं असेल, आता ह्या रक्तदाब नाहीतर साखर काढणार. पण मी बोलणार आहे सिंकखालच्या कपाटाविषयी. पुढच्या आठवड्यात बाप्पा घरी येतील. सगळ्यांच्या घरी साफसफाई निघाली असेल. म्हणून हे आजच सांगायला हवं.

माझी ओळख बहुतेकांना आहे. मी सांगलीला एका शाळेत सव्वीस वर्षं शास्त्र शिकवलं. इथे न्यू जर्सीत मुलाकडे येऊन अकरा वर्षं झाली. आता ऐका, या शास्त्राच्या बाईंनी काय केलं ते.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. मनात म्हटलं, पाहुणे यायच्या आत वरची बाथरूम लख्ख करून टाकू. भारतीय दुकानातून आणलेली संडास साफ करायची बाटली होती, ती ओतली. पिवळे डाग काही जाईनात. मग शेजारी ठेवलेलं ब्लीच त्यावरच ओतलं. मधे फ्लश केलं नाही. बाहेर थंडी, त्यामुळे खिडकी बंद. पंख्याचा आवाज नको म्हणून तोही बंद. वाकून ब्रश घासायला लागले आणि नाकात तिखट झणका गेला. डोळ्यांतून पाणी, घशाला मिठी बसल्यासारखी. कशीबशी बाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले.

मंडळी, संडासाच्या त्या बाटलीत आम्ल असतं, हायड्रोक्लोरिक. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लिचिंग पावडर आणि आम्ल यांचं ते समीकरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. स्वतःच्या घरात मात्र बाटलीमागचा मजकूर वाचायला चष्मा शोधायचा कंटाळा केला.

पण माझी खरी चूक त्याच्या पुढची आहे. मी कोणालाही सांगितलं नाही. मुलाला ऑफिसात कशाला त्रास? डॉक्टरकडे गेलं की बिल केवढं येईल? थोडा खोकला आहे, जाईल. पाणी प्यायले, नात आल्यावर तिला खायला दिलं, पोळ्यासुद्धा केल्या. रात्री अकराला श्वास लागेना. तेव्हा मुलाने ९११ ला फोन केला आणि मला दोन दिवस इस्पितळात काढावे लागले. तिथे कळलं, की क्लोरीनचा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, दुपारीच फोन का नाही केलास?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्यापैकी किती जण असं गप्प बसतात, ते मला माहीत आहे. म्हणून हे सगळ्यांसमोर सांगतेय.

असं करणारी मी एकटी नाही. २०२० साली करोना सुरू झाला तेव्हा जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत साफसफाईच्या आणि जंतुनाशक रसायनांमुळे त्रास झाल्याचे ४५,५५० फोन या देशातल्या विषबाधा केंद्रांकडे आले. आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने त्यातली एक हकीकत छापली होती. एका बाईंनी भाजी धुवायला सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं. त्यांनाही श्वास लागेना आणि इस्पितळात न्यावं लागलं. व्हिनेगर बिचारं साधं, लोणच्यातलं. पण तेही आम्लच.

तेव्हा पहिला नियम लक्षात ठेवा: ब्लीच फक्त थंड पाण्यात, तेही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. व्हिनेगर, लिंबू, संडासची बाटली, अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव, रबिंग अल्कोहोल, यातलं काहीही ब्लीचमध्ये पडता कामा नये. अमोनियाने क्लोरामीन नावाचा विषारी वायू होतो. दोन उरलेल्या बाटल्या एकात ओतायची काटकसर तर अजिबात नको.

आता प्रश्न येतो, मग वापरायचं काय?

आपल्या लहानपणी फिनेलचा वास आला म्हणजे घर स्वच्छ, असं मनात बसलं. इथे त्या जागी लिंबाचा, लॅव्हेंडरचा वास आला. पण वास वेगळा घातलेला असतो, त्याने मळ निघत नाही. ज्यांना दमा आहे त्यांना मात्र त्याच वासाने खोकला सुरू होतो. रोजच्या कामाला भांडी घासायचा साधा साबण, पाणी आणि चांगलं फडकं पुरतं. साबणाने मळाबरोबर बहुतेक जंतूही निघून जातात. जंतुनाशक लागतं ते घरात कोणी आजारी असेल तेव्हा. आणि तेही फवारून लगेच पुसलं तर फुकट जातं. बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली असतील तितकी मिनिटं जागा ओली राहायला हवी.

फवाऱ्याऐवजी द्रव फडक्यावर ओतून पुसा. फवाऱ्याचे बारीक थेंब थेट छातीत जातात. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा हजारांवर माणसांची वीस वर्षांतली फुफ्फुसांची ताकद मोजली. २०१८ साली त्यांनी लिहिलं, की घरी किंवा नोकरीत साफसफाई करणाऱ्या बायकांची ती ताकद इतर बायकांपेक्षा लवकर घटली होती. घर कोण पुसतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुरुष मंडळींनीही फडकं हातात घ्यावं, एवढं यावरून सुचवते.

विकत घेताना "नॅचरल", "ग्रीन" या शब्दांवर जाऊ नका. ते कोणीही छापू शकतो. ईपीए या सरकारी खात्याचा "सेफर चॉइस" असा शिक्का २०१५ पासून मिळतो. तो असेल तर आतला प्रत्येक घटक तपासलेला असतो. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी त्याच शिक्क्यातला "फ्रेग्रन्स-फ्री" बघावा. आणि बाटलीवर "डेंजर" असेल तर ती सगळ्यात तीव्र, "वॉर्निंग" त्याखालची, "कॉशन" सर्वांत सौम्य. नातवंडांना वाचायला सांगा, त्यांना आजीला इंग्रजी शिकवायला फार आवडतं.

घरगुती उपायांबद्दलही दोन शब्द. नळावरचा, किटलीतला पांढरा थर व्हिनेगरने छान निघतो. करपलेल्या कढईला बेकिंग सोडा उत्तम. पण दोन्ही एकत्र केले की फेस खूप येतो आणि एकमेकांचा गुण मारला जातो. तेव्हा वेगवेगळे वापरा. पितळेची समई, तांब्याचं ताम्हन यांना आपली चिंच किंवा लिंबू-मीठ अजूनही चालतं, कारण चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. मात्र हे काम सिंकमध्येच करा. संगमरवर हा त्याच नळावरच्या पांढऱ्या थराचा भाऊ आहे, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की संगमरवराची चकाकी जाते आणि डाग कायमचा राहतो. आपल्या गाभाऱ्यातल्या फरशीवर, मूर्तीच्या आसपास, म्हणूनच साधं पाणी आणि मऊ फडकं.

कपाटात आणखी एक वस्तू असते, डांबराच्या गोळ्या. साड्यांत ठेवायची आपली सवय. पण त्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ घरभर होते. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका घटकाची उणीव असते. गोळ्यांत ठेवलेलं दुपटं अशा बाळाला गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. आणि रांगत्या मुलाला ती गोळी पेपरमिंटसारखी दिसते. बाळाचे कपडे धुवून, कोरडे करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

रसायन कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठणारे आपण, बाटली ओळखणार कशी? नको असलेल्या बाटल्या सिंकमध्ये ओतू नका. आपल्या काउंटीत घातक कचरा गोळा करायचा दिवस असतो, त्या दिवशी नेऊन द्या.

आणि एवढं करूनही काही झालं, तर? आधी मोकळ्या हवेत या. श्वास लागत नसेल तर ९११. डोळ्यांत उडालं तर नळाच्या कोमट धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा. पोटात गेलं तर उलटी काढू नका. बाकी शंका असेल तर विषबाधा केंद्राचा नंबर: १-८००-२२२-१२२२. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, दुभाषा मिळतो. त्या दुपारी हा नंबर माझ्या फ्रिजवर असता, तर बिलाच्या भीतीने मी गप्प बसले नसते. आज दाराशी मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी ठेवली आहे, जाताना न्या आणि फोनजवळ चिकटवा.

शेवटी विनंती. आपल्या सभासदांपैकी काही जण एकटे राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना सिंकखाली वाकता येत नाही, बाटलीवरची अक्षरं दिसत नाहीत. मंदिराच्या कल्याण निधीतून अशा घरांसाठी एक छोटी पेटी द्यायचं ठरलं आहे: सौम्य साबण, फडकी, हातमोजे आणि ही चिठ्ठी. शनिवारी दोन-दोन स्वयंसेवक घरी जातील, कपाट बघून जुन्या बाटल्या वेगळ्या काढून देतील आणि घटकाभर बसून चहा घेतील. ज्यांना जमेल त्यांनी निधीला हातभार लावावा, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एक शनिवार द्यावा. आणि ज्यांना मदत हवी आहे त्यांनी संकोच न करता कार्यालयात नाव सांगावं. नाव फलकावर लागणार नाही.

गाडगेबाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांना खराटा पुरला. आपल्यालाही पुष्कळदा साबण-पाणी पुरेल.

आज घरी गेल्यावर ते कपाट उघडा. चष्मा लावून उघडा. आणि कधी काही झालंच, तर मुलांना लगेच सांगा. त्यांना आपला त्रास होत नाही, न सांगण्याचा होतो.

गणपती बाप्पा मोरया!