वीस इंच कशाला हवेत?

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प चौथे)



पत्रिकेतला विषय वाचून माझे एक स्नेही काल म्हणाले, "अमेरिकेतल्या हौशी गाडीच्या शॉकअपवर तू तासभर काय बोलणार?" मी म्हटलं, घरी तीस वर्षं बोलतोच आहे, ऐकणारं तेवढं कोणी नव्हतं. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात शॉकअप बनवण्यात गेली. घरी अशी तक्रार आहे की हा माणूस पाहुण्याच्या तोंडाकडे नंतर बघतो, त्याच्या स्कूटरचं मागचं चाक आधी.

आधी गाडी कोणती ते सांगतो. तिचं नाव साइड-बाय-साइड. तिला चार जाड चाकं असतात, शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, स्टिअरिंग, कमरेला पट्टे आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. डोंगरातल्या, जंगलातल्या कच्च्या वाटांवर हिंडायला लोक ती घेतात. यामाहाची ऱ्हायनो २००४ चं मॉडेल म्हणून आली आणि ही जात लोकांच्या डोळ्यांत भरली. पोलारिस कंपनीची पहिली आरझेडआर २००८ चं मॉडेल. तिची रुंदी ५० इंच होती आणि त्याला कारण होतं. अमेरिकी वनखात्याच्या कितीतरी वाटांवर ५० इंचांहून रुंद वाहनाला मज्जावच आहे. पुढे मोकळ्या वाळवंटात गाडी उधळण्याची हौस वाढली, रुंदी ७२ इंचांच्याही पुढे गेली, आणि चाक वर-खाली किती इंच जातं, म्हणजे आमच्या कारखान्याच्या भाषेत ट्रॅव्हल किती, यावर जाहिरातींत बोली लागू लागली.

माझा मुलगा सॉल्ट लेक सिटीत असतो. त्याला ही गाडी घ्यायची होती. त्याने मला फोनवर पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "बाबा, हिला मागे वीस इंच आहेत!" मी विचारलं, "वीस इंच कशाला हवेत?" त्याला उत्तर देता येईना. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

शॉकअप वजन पेलत नाही. वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंग एकदा दाबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते, आणि हे नाचणं थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. जुन्या एसटीच्या कमानपाट्यांत पाट्यावर पाटा घासून थोडं नाचणं आपोआप मरायचं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तसं घर्षण नाही, म्हणून तिच्याबरोबर शॉकअप लागतोच. नळीत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला भोकं आणि भोकांवर कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या. तेल त्या चकत्या वाकवून जबरदस्तीने पुढे सरकतं, तापतं, आणि उसळीची ताकद उष्णता होऊन हवेत जाते. म्हणजे शॉकअप ही मुळात शेगडी आहे.

आणि शेगडी तापणारच. दोन तास खडकाळ वाटेवर नळीतलं तेल घुसळलं की ते पातळ होतं. नळीत मोकळी हवा असेल तर तिच्यामुळे तेलाला फेस येतो आणि फेसाला अडवण्याची ताकद नसते. सकाळी घट्ट वाटणारी गाडी दुपारी होडीसारखी डुलू लागते ती यामुळे. यावरचा इलाज फ्रेंच अभियंता क्रिस्त्याँ बूर्सिए द कार्बाँ याने १९५३ च्या सुमारास बाजारात आणला. एकच नळी, आणि तेलावर सरकत्या पिस्टनने वेगळा ठेवलेला, दाबाखालचा वायू. आजही चांगल्या शॉकअपमध्ये तो वायू नायट्रोजन असतो. शेजारी जी लहान डबी चिकटवलेली दिसते ती शोभेची नाही. तिच्यात जास्तीचं तेल आणि तो वायू मावतो. म्हणून गाडी बघताना रंग सोडा, नळीची जाडी बघा. दोन इंचांपेक्षा अडीच इंचांच्या नळीत तेल जास्त, म्हणून ती सावकाश तापते.

पण जाड नळी सगळ्यांनाच हवी असं नाही. इथेच मुलाची आणि माझी पहिली खडाजंगी झाली.

मी तिकडे गेलो तेव्हा आम्ही मोआबला गेलो. सॉल्ट लेक सिटीहून चार तासांवर, लाल वालुकाश्माचा मुलूख. विकत घेण्याआधी एक दिवस भाड्याने घेऊ, असं ठरलं. मिळाली ती नेमकी लांब ट्रॅव्हलची, चार माणसांची गाडी, आणि बसणारे आम्ही दोघं. ताशी दहा-बारा मैलांच्या वर जाता येत नव्हतं अशी ती वाट. प्रत्येक दगड माझ्या कण्याने मोजला. मुलगा म्हणाला, "शॉकअप गेलेत." मी खाली उतरून बघितलं. शॉकअप ठणठणीत होते. चौघांचं सामानासकट वजन धरून स्प्रिंगा आवळून ठेवल्या होत्या, म्हणून आम्ही दोघं बसलो तरी गाडी टाचा उंचावून उभी. चाक खड्ड्यात उतरायला जागाच नाही. वीस इंचांतले खालचे इंच वापरातच नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्याला कागदावर काढून दाखवलं तेच तुम्हाला सांगतो. गाडी नुसती उभी असताना, बसणाऱ्यांसह आणि सामानासह, एकूण हालचालीपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वजनानेच खाल्ला गेला पाहिजे. तेवढं चाक खड्ड्यात खाली जाऊ शकतं. ही उंची स्प्रिंगच्या वरच्या कड्याने जुळवतात. इथे एक मोठा गैरसमज आहे. कडं आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. स्प्रिंग खरोखर कडक हवी असेल तर ती बदलावी लागते. बऱ्याच गाड्यांत एकावर एक दोन स्प्रिंगा असतात. एक इंच दाबायला जिला १०० पौंड लागतात ती, आणि जिला २०० लागतात ती, अशा एकावर एक ठेवल्या तर दोन्ही मिळून सुमारे ६७ पौंडांतच एक इंच दबतात, म्हणजे मऊ स्प्रिंगपेक्षाही मऊ. ठरावीक जागी एक कडं मऊ स्प्रिंगला अडवतं, मग पुढचा मार कडक स्प्रिंग एकटी घेते. लहान दगडाला मऊ, मोठ्या उडीला कडक. ते कडं कुठे बसवलंय यात गाडीचा अर्धा स्वभाव ठरतो, आणि विक्रेत्याला त्याबद्दल विचारलं की तो तुम्हाला ब्रोशर देतो.

आता ते वळवायचे खटके. "लो स्पीड" आणि "हाय स्पीड" असे दोन खटके काही शॉकअपवर असतात. लोक समजतात हा गाडीचा वेग. नाही हो! हा पिस्टनच्या दांड्याचा वेग. गाडी वळणावर कलते तेव्हा दांडा सावकाश सरकतो, आणि ताशी पंधरा मैलांनी का होईना, चौकोनी दगडावर चाक आदळलं की तोच दांडा सुसाट आत शिरतो. झाडांमधल्या, मुळांच्या, दगडांच्या वाटेवर हिंडणाऱ्याचा सगळा सुखदुःखाचा मामला या दुसऱ्या प्रकारातला. वाळवंटाच्या वेगासाठी कडक जुळवलेला शॉकअप इथे लोखंडी पहार होतो.

या बाबतीत मला होंडाचं कौतुक वाटतं. २०१९ मध्ये त्यांनी टॅलन आणली तीच दोन रूपांत. टॅलन १०००आर ही ६८.४ इंच रुंद, पुढे १७.७ आणि मागे २०.१ इंच ट्रॅव्हल, मोकळ्या मैदानाची. टॅलन १०००एक्स ही ६४ इंच रुंद, पुढे १४.६ आणि मागे १५.१ इंच, झाडांमधल्या अरुंद वाटांची. इंजिन तेच. कमी इंचांची गाडी कमी प्रतीची नाही, हे एका कारखान्याने आपल्याच कागदावर मान्य केलं. दोन्हींना फॉक्स कंपनीचे, तीन टप्प्यांचा एकच खटका असलेले शॉकअप. १ वर मऊ, ३ वर कडक. नवख्या माणसाला तीन पुरेत. ज्याला चोवीस टप्पे दिले तो पहिल्या महिन्यात सगळे फिरवून बघतो आणि खटका मुळात कुठे होता ते विसरतो.

विजेवर चालणारे शॉकअप हवेत का? पोलारिसने २०१८ च्या मॉडेलमध्ये फॉक्सचे तसे आणले. स्टिअरिंग, ब्रेक, वेग यांची खबर घेऊन ते आपोआप कडक-मऊ होतात. वळणावर गाडी कमी झुकते, हे खरं आहे आणि सुंदरही आहे. पण एकाच प्रकारच्या वाटेवर जाणाऱ्याने त्यासाठी ज्यादा पैसे मोजू नयेत असं माझं मत. त्या पैशांत आपल्या वजनाच्या स्प्रिंगा येतात, आणि सर्व्हिसही होते. सर्व्हिसचं कोणी विचारतच नाही! तेल बदलता येतं का, सील मिळतं का, नायट्रोजन भरून देणारा जवळ आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. उघडताच न येणारा शॉकअप संपला की फेकायचा.

आणि जुनी गाडी घेत असाल तर खडबडीत वाटेवर अर्धा तास चालवून, लगेच उतरून, चारही शॉकअपजवळ जपून हात न्या. पुढचे दोन आपसांत, मागचे दोन आपसांत ताडून बघा. जोडीतला जो थंड, तो मेलेला. त्याने काम केलं नाही म्हणून तो तापला नाही.

मुलाने शेवटी टॅलन एक्स घेतली. दोघांचं वजन, पाण्याचे डबे, हत्यारं सगळं चढवून आम्ही उंची मोजली आणि वरचं कडं अडीच फेरे सैल केलं. खटका १ वरच असतो. ३ वर एकदाच गेला, लिटल सहारा नावाच्या वाळूच्या टेकड्यांत, आणि परतताना त्याने तो स्वतःच मागे फिरवला.