लो-कार्बन: किती वर्षांसाठी आणि कोणाच्या भरवशावर?

(आपल्या गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून.)



आपल्यापैकी बरेच जण इथे इंग्लंडमध्ये नव्या वसाहतींतल्या फ्लॅटमध्ये राहतात. अशा काही फ्लॅटमध्ये बॉयलर नसतो. कपाटात एक छोटी पेटी असते आणि वसाहतीच्या सामायिक ऊर्जाकेंद्रातून जमिनीखालच्या पाइपांनी उष्णता घरापर्यंत येते. याला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. माहितीपत्रकात त्यापुढे हमखास 'लो-कार्बन' असे छापलेले असते. आज मी या एका शब्दाविषयीच बोलणार आहे. तो खरा केव्हा असतो, किती वर्षे खरा राहतो, आणि तो खरा ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

उदाहरण म्हणून केंब्रिजमधली एडिंग्टन ही वसाहत घेऊ. माझा व्यवसाय इमारतींच्या ऊर्जायोजनांचा असला तरी या प्रकल्पाशी माझा संबंध नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येईल. ज्या आर्थर एडिंग्टन यांनी आपल्या चंद्रशेखरांचा सिद्धांत 1935 साली भर सभेत उडवून लावला होता, त्यांचेच नाव या वसाहतीला आहे. शहराच्या वायव्येला सुमारे 150 हेक्टर जागेवर विद्यापीठाने ती स्वतः उभी करायला घेतली. मूळ आराखडा असा: 3,000 घरे, त्यातली निम्मी विद्यापीठ आणि कॉलेजांच्या कर्मचाऱ्यांना परवडणाऱ्या भाड्याने, निम्मी विक्रीसाठी, आणि शिवाय 2,000 पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सोय. 2013 मध्ये परवानगी मिळाली, 2017 मध्ये पहिले रहिवासी आले. पावसाचे पाणी साठवून संडास आणि कपडे धुण्यासाठी वेगळ्या नळाने देण्याची सोयही तिथे आहे. पहिल्या टप्प्यातली उष्णतेची योजना मात्र गॅसवर चालणाऱ्या सीएचपीभोवती, म्हणजे कंबाइन्ड हीट अँड पॉवरभोवती, मांडलेली होती.

सीएचपी आपल्याला नवीन नाही. आपल्या साखर कारखान्यांत उसाचा बगॅस जाळून वाफ करतात, त्या वाफेवर वीजही करतात आणि रसही आटवतात. त्यालाच आपण सहवीजनिर्मिती म्हणतो. इथे बगॅसच्या जागी गॅस आणि रसाच्या जागी लोकांची घरे.

मग गॅस जाळून कार्बन कमी कसा? त्यासाठी थोडे गणित करू. समजा, 100 युनिट गॅस जाळला आणि त्यातून 35 युनिट वीज व 45 युनिट उष्णता मिळाली. एडिंग्टनला परवानगी मिळाली त्या काळातल्या सरकारी हिशोबात गॅसच्या प्रत्येक युनिटमागे 0.216 किलो कार्बन डायऑक्साइड धरत आणि ग्रिडच्या विजेमागे 0.519 किलो. म्हणजे गॅसमुळे 21.6 किलो बाहेर पडला, पण ग्रिडची 35 युनिट वीज वाचल्यामुळे सुमारे 18.2 किलो वजा झाला. उरलेला 3.4 किलो 45 युनिट उष्णतेच्या वाट्याला. युनिटमागे जेमतेम 0.08 किलो! साध्या बॉयलरच्या एक-तृतीयांश. त्या वेळी 'लो-कार्बन' हा शब्द प्रामाणिक होता.

पुढे ग्रिड बदलले. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कोळसा मागे पडला, आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी ब्रिटनमधले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. 2022 पासून लागू झालेल्या इमारतींच्या नियमांत विजेचा आकडा 0.136 आहे आणि गॅसचा 0.210. तेच गणित पुन्हा करा. गॅसचे 21 किलो, वजावट फक्त 4.8 किलो, म्हणजे उष्णतेच्या युनिटमागे 0.36 किलो. चांगला बॉयलर 0.23 किलोत तेच काम करतो, आणि एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देणारा हीट पंप 0.05 किलोपेक्षाही कमी. यंत्र तेच आहे, त्यात बिघाडही नाही. पण 'लो-कार्बन' हे विशेषण गळून पडले.

यावरून सामायिक उष्णता ही कल्पनाच फसली असा निष्कर्ष काही जण काढतात. तो मला मान्य नाही. तीन हजार घरांत तीन हजार बॉयलर असते तर ते बदलायला तीन हजार कुटुंबांची मने वळवावी लागली असती. इथे एका इमारतीतली यंत्रे बदलली की साऱ्या वसाहतीचा इंधनस्रोत बदलतो. विद्यापीठाशेजारच्या वसाहतीला तर आणखी सोय असते. एडिंग्टनला लागून रस्त्यापलीकडे वेस्ट केंब्रिज आहे, तिथे प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठाचे डेटा सेंटर आहे. संगणक थंड ठेवताना जी उष्णता आपण हवेत सोडून देतो, ती हीट पंपाने वर चढवून घरांना देता येते. आणि बिल्डर घरे विकून निघून जातो, विद्यापीठ जात नाही. पन्नास वर्षे टिकणाऱ्या पाइपांना असाच मालक हवा.

अर्थात पाइपही नीट हवेत. पाणी जितके कमी तापमानाचे, तितका हीट पंप काटकसरीने चालतो. पाइपांवरचे आवरण कंजुषीने केले तर जुलैमध्ये जिने आणि व्हरांडे तापतात आणि त्या वाया गेलेल्या उष्णतेचे पैसे रहिवाशांकडूनच वसूल होतात.

आता खरा प्रश्न. या पाइपला जोडलेला माणूस पुरवठादार बदलू शकत नाही. गॅस-विजेच्या घरगुती दरांवर 2019 पासून कमाल मर्यादा आहे. 2022 मध्ये गॅस भडकला तेव्हा सामायिक उष्णतेच्या ग्राहकांना तिचे संरक्षण नव्हते, कारण त्यांचे ऊर्जाकेंद्र व्यापारी दराने गॅस घेत होते. देशातली जवळजवळ पाच लाख घरे अशी आहेत आणि त्यात कौन्सिलच्या जुन्या इमारतींमधले गरीब भाडेकरू पुष्कळ आहेत. 2023 च्या ऊर्जा कायद्याने हे क्षेत्र ऑफजेमच्या देखरेखीखाली आणले आणि जानेवारी 2026 पासून ती देखरेख प्रत्यक्ष सुरू झाली. चांगले झाले, पण उशिरा झाले.

डेन्मार्कने हा विचार 1979 च्या कायद्यातच केला. उष्णता पुरवठ्यावर नफा काढायचा नाही, दर खर्चाइतकाच. बहुतेक उष्णता कंपन्या नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्या मालकीच्या. तिथली जवळजवळ दोन-तृतीयांश घरे आज या पद्धतीने तापतात. लोकांनी पाइप स्वीकारला, कारण हिशोब उघडा होता.

हेही आपल्याला परके नाही. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, म्हणून शेतकरी जवळच्या कारखान्याला बांधलेला असतो. जो बांधलेला आहे त्यालाच मालक करा, हे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला करून दाखवले. पुढे सहकाराचे काय काय झाले तेही आपण जाणतो. म्हणून नुसती मालकी पुरत नाही, दरवर्षीचे उघडे हिशोबही लागतात.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की 'लो-कार्बन' हे दरवर्षी नव्याने पाळायचे वचन आहे. आपल्यापैकी जे अशा घरात राहतात किंवा घेणार आहेत, त्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. गेल्या वर्षी घरात पोहोचलेल्या प्रत्येक युनिट उष्णतेमागे किती कार्बन पडला? वाटेत किती उष्णता वाया गेली? आणि गॅसवरून उतरण्याची तारीख कोणती, त्याचा खर्च कोण देणार? आपण शिकलेले लोक आहोत, आकडे वाचू शकतो. ज्या शेजाऱ्याला ते वाचता येत नाहीत, त्याच्या वतीनेही ते आपणच मागायला हवेत.

आता प्रश्न विचारा.