नांदायला जाण्याचा हुकूम कुणाचा?

(लवळे, ता. मुळशी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मुळशी तालुक्यात इंग्रजांचा विषय निघाला की धरण आठवतंच. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. कंपनी टाटांची, म्हणजे देशी. पण जमिनी घेण्याचं बळ तिला १८९४ च्या इंग्रजी कायद्यानं दिलं. इंग्रज १९४७ साली गेले, आणि तो कायदा २०१३ संपेपर्यंत आपल्या जमिनी घेत राहिला.

इंग्रजांचा अंमल आज उरला आहे का, यावर वाद घालणारे पुष्कळ. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी! त्यावर केवढी चर्चा झाली. मला मात्र आपल्या उंबऱ्याच्या आतला अंमल दाखवायचा आहे.

मारहाणीला कंटाळून बाई माहेरी येते, पोटगीचा अर्ज करते. मग नवऱ्याकडून कोर्टाचा कागद येतो: नांदायला ये. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. कायदा नवरा-बायको दोघांनाही सारखाच लागू आहे म्हणतात. कागदावर आहेच. पण हुकूम झाल्यावर ‘परत जा’ असं गावकी, भावकी कुणाला सांगते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

हा आपल्या शास्त्रातला नियम असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला आहे. मुंबईच्या रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न लावलं होतं. त्या सासरी जाईनात, तेव्हा १८८४ साली नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. असा दावा मूळ हिंदू कायद्यात नाही, तो विलायतेतून आला आहे, असं खुद्द त्या इंग्रज न्यायाधीशानं म्हटलं. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करीन. आणि टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्यावर तुटून पडला, धर्म बुडाला म्हणून! विलायती दावा एका रात्रीत आपला धर्म झाला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. बाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

इंग्लंडनं हा दावा १९७० च्या कायद्यानं मोडीत काढला. आपल्याकडे आंध्र हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा जिवंत केलं.

नवऱ्याच्या बलात्काराचंही तेच. १८६० च्या दंडसंहितेत त्याला सूट होती. लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठानं ती सूट तिथे १९९१ मध्ये संपवली. आपण ‘गुलामीची खूण पुसतो’ म्हणत भारतीय न्याय संहिता आणली, १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली, आणि बायको अठरा वर्षांची असेल तर नवऱ्याची सूट जशीच्या तशी ठेवली. नाव पुसलं, कलम ठेवलं.

इतक्या वर्षांनी इंग्रजांना कशाला बोल लावता, असं पुरुष कार्यकर्ते विचारतात. अगदी बरोबर. हे कलम आज लंडनहून कुणी धरून ठेवलेलं नाही. ते इथल्या पुरुषांना सोयीचं आहे, म्हणून टिकलं आहे. फक्त त्याला ‘आपली संस्कृती’ म्हणू नका.

आता कामाचं सांगते. असा कागद आला तर घाबरून परत जायचं नाही, आणि कागद बाजूलाही टाकायचा नाही. पोलीस येऊन कुणाला ओढून नेत नाहीत. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. हुकुमानंतर वर्षभर एकत्र नांदणं झालं नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. तारखेला हजर राहा. मारहाण, हुंडा, दुसरी बाई, जे असेल ते लेखी द्या. दवाखान्याचे कागद जोडा. आणि ‘हुकूम मोडलास, आता पोटगी नाही’ असं कुणी म्हणालं तर सांगा, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये निकाल दिला आहे: न नांदण्याला सबळ कारण असेल, तर असा हुकूम असूनही पोटगी मिळू शकते.