दाबाखालील प्लास्टिकचें आयुष्य

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीखालीं उभें राहून वर पाहिलें, तर सागवानी तुळई मध्यभागीं किंचित् खालीं आलेली पुष्कळदां आढळते. ती मोडलेली नसते, तिला कीडहि लागलेली नसते. माडीवरील भार पूर्वीं होता तेवढाच असतो. तरीहि वर्षानुवर्षें, केसकेसभर, ती वांकत गेलेली असते. भार न वाढतां केवळ काळाच्या ओघानें पदार्थाचा आकार बदलत जाणें, या क्रियेस शास्त्रांत विसर्पण म्हणतात. एडवर्ड अँड्रेड या इंग्रज शास्त्रज्ञानें १९१० मध्यें शिशाच्या तारा ताणून तिचे नियम शोधले. परंतु शिसें काय किंवा साग काय, यांच्यापेक्षां ही क्रिया शेतकऱ्याच्या अधिक जवळ आली ती प्लास्टिकच्या नळीबरोबर.

विहिरीपासून दूरच्या वावरापर्यंत नळी पुरणें हा कापूसवाल्या शेतकऱ्याचा लहानसहान खर्च नव्हे; पुष्कळदां तो कर्ज काढूनच होतो. नळी एकदां मातीआड गेली कीं ती दिसत नाहीं. ती किती वर्षें टिकेल, हें दुकानदाराच्या शब्दावर सोडण्याजोगें नाहीं.

प्लास्टिक ताणाखालीं कां सरकतें, हें समजण्यास सूत काततांना हातांत धरलेला पेळू आठवावा. पेळू हिसडला तर तुटतो. सावकाश ओढला तर तंतू एकमेकांवरून घसरतात आणि तो लांबत जातो. इंग्लंडांत विनिंग्टन येथें गिब्सन आणि फॉसेट यांना १९३३ मध्यें जें पॉलिथीन सांपडलें, त्याचे रेणू अशाच लांबलचक, एकमेकांत गुंतलेल्या सांखळ्या होत. लोखंड नेहमींच्या उष्णतेंत निश्चल असतें. पॉलिथीनच्या सांखळ्या मात्र त्याच उष्णतेंत सारख्या हालत असतात, आणि ताण ज्या दिशेचा त्या दिशेस त्या हळूहळू घसरतात. उष्णता वाढली कीं घसरण्याचा वेगहि वाढतो.

नळीवर पडणारा ताण लहान नसतो. बाहेरून ११० मिलिमीटर व्यासाची आणि १० मिलिमीटर जाडीची नळी घेतली, आणि आंतील पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम धरला, तर नळीच्या भिंतीला गोलाकार दिशेनें दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅमांचा ताण सोसावा लागतो. पंप चालू असेपर्यंत हा ताण कायम राहतो.

आतां प्रश्न असा कीं पन्नास वर्षांनीं काय होईल, हें आज कसें सांगावें? पन्नास वर्षें म्हणजे सुमारें ४ लक्ष ३८ हजार तास. तितकी वाट पाहण्यास कोण बसणार? म्हणून नळ्यांचे तुकडे पाण्यानें भरून, निरनिराळ्या दाबांखालीं, गरम पाण्याच्या टांक्यांत ठेवतात. कांहीं तुकडे थोड्या तासांत फुटतात. कांहींची परीक्षा ९,००० तासांहून अधिक, म्हणजे वर्षाहून जास्त चालते. उष्णता घसरण्याची घाई करते, म्हणून ६० अंशांवर काढलेलें एक वर्ष २० अंशांवरील कित्येक वर्षांचा हिशेब देऊं शकतें. अर्थात् या युक्तीलाहि मर्यादा आहे. आरंभीं नळी फुगून फाटते. पुढें कमी ताणांतहि सूक्ष्म चीर पडून ती ठिसूळपणें तडकते, आणि आलेखावरील रेषा तेथें गुडघ्याप्रमाणें एकदम वांकते. हा गुडघा दिसण्यापूर्वींच जो रेषा पुढें ओढील त्याचें भाकीत फसेल.

तरी भाकीत मुळींच अशक्य नाहीं. अमेरिकेंत ब्राऊन विद्यापीठांतील विल्यम फिंडले यांनीं पी.व्ही.सी. आणि पॉलिथीन यांचे नमुने एकाच भाराखालीं २६ वर्षें ठेवले होते. १९८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत, पहिल्या २,००० तासांवरून बांधलेलें सूत्र सव्वीस वर्षांच्या विकृतीशीं समाधानकारक जुळल्याचें दाखविलें आहे.

व्यापारांत 'पन्नास वर्षें' हा शब्द सैलपणें वापरला जातो. पीई १०० या जातीच्या नळीचा अर्थ इतकाच कीं, २० अंशांवर, पन्नास वर्षें, दर चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर किलोग्रॅमांचा ताण ती सोसूं शकेल असा हिशेब आहे. आणि त्यांतूनहि सव्वापट सुरक्षिततेसाठीं ताण ऐंशींवर आणतात. हा ताणाचा अंक आहे, जन्मपत्रिका नव्हे. एकावन्नाव्या वर्षीं नळी फुटेलच असें नाहीं, आणि विसाव्या वर्षीं फुटणार नाहीं अशी हमीहि नाहीं.

शिवाय २० अंश कोणाचे? यवतमाळांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पीई १०० नळीची दाबाची शक्ति ४० अंशांवर सुमारें पाऊणपटच राहते. १६ किलोग्रॅमांची नळी बाराच्या आंतबाहेर येते. पी.व्ही.सी. नळ्यांचे भारतीय मानक दाब २७ अंशांस धरलेले आहेत, म्हणून तेथेंहि उन्हाळ्यांत वजाबाकी करावीच लागते. उघड्यावर ठेविलेली काळी नळी हवेहून पुष्कळच अधिक तापते. काळा रंग मात्र निरुपयोगी नव्हे. पॉलिथीनमध्यें मिसळलेली सुमारें अडीच टक्के काजळी सूर्यकिरणांपासून त्याचें रक्षण करते.

नळी पुरल्यावर उष्णतेचा त्रास पुष्कळ कमी होतो. तेथें दगडाचा सुरू होतो. चरांतील टोकदार दगड नळीस एकाच जागीं टेकतो, आणि काळी माती पावसाळ्यांत फुगून उन्हाळ्यांत भेगाळते, त्यामुळें तो दाब तेथेंच वाढत व हालत राहतो. मंद गतीनें वाढणारी चीर तेथूनच निघते. म्हणून तळाशीं वाळू किंवा चाळलेली माती घालावी, आणि भिंतीच्या दहाव्या भागाहून खोल ओरखडा असलेला तुकडा कापून टाकावा. यांत होणारी काटकसर फार महाग पडते.

याच विसर्पणाची एक उपकारक बाजूहि आहे. शंभर मीटर नळी दुपारच्या उन्हांत ताणून पुरली आणि ती २० अंशांनीं निवली, तर ती सुमारें ४० सेंटिमीटर आंखडूं पाहते. सांधे घट्ट धरलेले असल्यास त्यांवर ओढ बसते. म्हणून जाणते कारागीर नळी किंचित् नागमोडी टाकतात आणि सकाळच्या थंडाव्यांत माती लोटतात. तरीहि जी ओढ राहून जाते ती पुढें कायम टिकत नाहीं. सांखळ्या घसरून ती आपोआप सैल होत जाते.